चौदा लाल म्हातारे

"आजी, माझी नोकरी गेली," असं म्हणून नातीने लॅपटॉप मिटला, ती ओटीवरून उठली आणि थेट गोठ्यात जाऊन उभी राहिली.

सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी सुपात वाल घेऊन निवडत बसले होते. मी उठले नाही. गोठ्यात रडायला गेलेलं माणूस म्हशीचं तोंड बघून आपोआप गप्प होतं, हा माझा जुना अनुभव आहे. पाच मिनिटांनी ती परत आली, माझ्या समोर बसली आणि सुपातले खडे काढायला लागली. चांगले वालसुद्धा काढत होती. मी तिच्या हातावर चापट मारली.

"गेली म्हंजे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"अजून सांगितलं नाही. पाच वाजता सांगतील."

"मग पाच वाजता रड."

घरात आम्ही दोघीच होतो. मुलगा आणि सून माथेरानला एका हॉटेलात कामाला आहेत. सुट्टीची गर्दी ओसरेपर्यंत ती दोघं खाली आमच्या कडावला उतरत नाहीत. म्हणजे जे काही व्हायचं ते आमच्या दोघींच्या समोर होणार होतं.

नातीचं काम मला आधी कळत नव्हतं. आता कळतं तेवढं सांगते. तिची कंपनी पुण्यात आहे. कंपनीने दवाखान्यांसाठी एक पान बनवलं होतं. कागदाचं नाही, फोनवर आणि कॉम्प्युटरवर दिसतं ते पान. माणसाने घरी बसून त्यावर नाव घालायचं, जन्मतारीख घालायची, तपासणीचा दिवस निवडायचा आणि 'नोंदणी करा' असं लिहिलेलं बटण दाबायचं. हे पान नीट चालतं की नाही ते रोज बघावं लागतं, कारण कंपनीतली माणसं रोज त्यात काही ना काही बदलत असतात. एका माणसाने रोज तेच तेच दाबत बसायचं म्हटलं तर त्याचं डोकं फिरेल. म्हणून माझी नात ते यंत्राला लिहून देते. पान उघड, हे नाव घाल, ही तारीख घाल, हे बटण दाब, आणि 'आपली नोंदणी झाली' असं आलं का बघ. आलं तर हिरवं टिंब. नाही आलं तर लाल. अशा एकेका लिहिण्याला चाचणी म्हणतात. हे सगळं रुबी नावाच्या भाषेत लिहायचं असतं. पहिला महिनाभर मला वाटत होतं की रुबी ही तिच्या ऑफिसातली कुणी पोरगी आहे आणि ती हिचं काही ऐकत नाही.

इंग्रजी पान आधीपासून चालू होतं. मराठी पान नवीन होतं आणि त्याच्या चाचण्या हिच्या एकटीकडे होत्या. सहा महिने काम बघू आणि मग पक्कं करू, असं कंपनीने सांगितलं होतं. ते सहा महिने त्या दिवशी भरत होते. मराठी पान लोकांसाठी दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. आदल्या संध्याकाळी तिच्या सव्वीसच्या सव्वीस चाचण्या हिरव्या होत्या. तिने मला ती टिंबं मोजून दाखवली होती आणि आम्ही तांदळाच्या भाकऱ्यांबरोबर सुकट खाल्ली होती. सकाळी त्यातल्या चौदा लाल झाल्या.

तिच्या वरच्या बाईंचा फोन आला होता. ती त्यांना मॅडम म्हणते. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं की पाच वाजेपर्यंत कारण कळलं पाहिजे. रात्रीत आपोआप लाल होणाऱ्या चाचण्यांवर भरवसा कसा ठेवायचा, आणि भरवसा नसेल तर त्या लिहिणाऱ्या माणसाचं काय करायचं, तेही मग बघावं लागेल. हे वाक्य नातीने मला तीनदा ऐकवलं. ओरडणारा माणूस परवडतो, हे खरं आहे.

मी तिला म्हटलं की खडे मी काढते, तू तुझं यंत्र उघड.

तिने उघडलं. मी माझं सूप ओढून तिच्या शेजारी बसले, कारण तिला एकटं सोडलं तर ती परत गोठ्यात जाईल असं मला दिसत होतं.

पहिल्यांदा तिने ते सगळं पुन्हा चालवलं. पुन्हा चौदा लाल. मग तिला वाटलं रेंजचा घोळ आहे. आमच्याकडे रेंज ओटीच्या एका कोपऱ्यात येते, नाहीतर परसात शेवग्याखाली. ती लॅपटॉप घेऊन शेवग्याखाली गेली, डोक्यावर ऊन, एका हातावर लॅपटॉप, दुसऱ्या हातात फोन. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय गं, शेंगा काढतेस काय?" नात तशीच परत आली. चौदा लाल.

मग तिला आठवलं की आदल्या संध्याकाळी तिने स्वतः लिहिण्यात एक बारीक दुरुस्ती केली होती. ती तिने मागे घेतली. चौदा लाल. मग वाटलं, ज्या खिडकीतून पान उघडतं, तिला ती ब्राउझर म्हणते, ती खिडकी रात्रीत आपोआप नवी झाली असेल आणि जुन्या सांगण्याशी जुळत नसेल. ऑफिसातल्या एका मुलीला विचारलं. त्या मुलीकडे तीच खिडकी होती आणि तिच्या इंग्रजी पानाच्या चाचण्या सगळ्या हिरव्या होत्या. तिने उत्तरात हे लिहिलं आणि वर एक हसरं तोंड काढून पाठवलं. ते तोंड बघून माझी नात जास्त खचली. मला त्या मुलीचा राग आला नाही. तिचं हिरवं होतं, ती हसणारच.

लाल झालेल्या चौदाही चाचण्या म्हाताऱ्यांच्या होत्या. हे तिला सकाळीच दिसलं होतं. साठीच्या वरच्या माणसांना तपासणीत सवलत होती. ती सवलत नीट लागते का, हे बघण्यासाठी तिने चौदा खोटे म्हातारे तयार केले होते, सात बायका आणि सात पुरुष. बाकी बारा तरुण माणसं होती आणि ती सगळी हिरवी होती. म्हणजे सवलतीच्या हिशोबातच गफलत आहे असं धरून ती दीड तास तेच उसवत बसली. तो हिशोब बरोबर निघाला.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. लॅपटॉपात जीव होता, पण किती वेळ पुरेल ते तिला सांगता येईना. आता तिने नवीन उपाय काढला. यंत्राला सांगितलं की बटण दाबायला जमलं नाही तर लगेच हार मानू नकोस, जास्त वेळ वाट बघ. यंत्राने इमानाने वाट बघितली. आधी जे लाल पटकन होत होतं ते आता सावकाश लाल व्हायला लागलं.

तेव्हा मी बोलले. आमच्या भाताच्या खाचरांचे बांध खेकडे पोखरतात. पाणी गळतं खालच्या खाचरात, म्हणून नवखा माणूस खालच्या तोंडाला चिखल थापत बसतो. कितीही थापला तरी पाणी थांबत नाही. बीळ वरच्या अंगाला असतं. वरच्या खाचरात उतरून पाण्यात हात घालून चाचपत जावं लागतं, आणि खेकडा चावला की कळतं हेच बीळ. लग्न होऊन आले तेव्हा मीही एक आख्खी सकाळ खालून चिखल थापला होता आणि सासू बांधावर उभी राहून बघत होती. तिने दुपारी सांगितलं.

मी नातीला दुपारची वाट बघायला लावली नाही. मी म्हटलं, "तू सकाळधरनं चिखल थापतेस. ते यंत्र लाल करताना काय सांगतं ते वाचलंस काय?"

"वाचलंय गं. बटण दाबलं गेलं नाही असं म्हणतंय."

"तसंच म्हणतंय? का तू तुझ्या मनाचं सांगतेस? शब्दन् शब्द सांग."

तिने तोंड वाकडं केलं, पण वाचलं. इंग्रजी होतं, ती मराठीत सांगत गेली. सांगता सांगता हळू झाली. यंत्र असं म्हणत होतं की बटण सापडलं. बटण जागेवर आहे. पण दाबायला गेलो तर मध्ये दुसरं काहीतरी आलं आणि दाब त्याला लागला.

सकाळपासून तिने ते वीस वेळा पाहिलं होतं. पहिले चार शब्द बघायची आणि पुढे आपलं ठरलेलं वाचायची. माझ्यासारख्या चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचा एवढाच फायदा आहे की त्याला प्रत्येक शब्द वाचावा लागतो.

"कोण आलंय मध्ये?" मी विचारलं.

तिने सांगितलं की नाव दिलंय, पण ते कुणीतरी आतल्या कामासाठी ठेवलेलं खुणेचं नाव आहे, त्यावरून काही कळत नाही.

"मग बघ की डोळ्यांनी."

तेव्हा मला कळलं की तिला दिसतच नव्हतं. या चाचण्या पडदा झाकून चालतात. यंत्र आतल्या आत पान उघडतं, आतल्या आत दाबतं आणि बाहेर फक्त टिंब टाकतं. तसं केलं की काम लवकर होतं म्हणे. म्हणजे ही पोर सकाळपासून बंद दाराच्या बाहेर उभी राहून आत काय पडलं याचा अंदाज करत होती. मी तिला हे बोलून दाखवलं आणि ते तिला लागलं. लागू दे म्हटलं.

तिने पडदा उघडा ठेवून एक चाचणी चालवली. पान उघडलं, नाव आपोआप उमटलं, तारीख उमटली, काहीतरी पिवळं चमकलं आणि सगळं मिटलं. लाल. डोळ्याची पापणी लवायच्या आत झालं.

"पिवळं होतं," मी म्हटलं.

"मला नाही दिसलं."

"मला दिसलं. थांबव त्याला."

यंत्राला थांबवायला एक ओळ लिहावी लागते, इतके सेकंद झोप अशी. तिने ती ओळ घातली आणि चालवलं. आधीसारखंच झटकन मिटलं. घाईत तिने झोपायची ओळ बटण दाबण्याच्या नंतर लिहिली होती. तिथपर्यंत पोचायच्या आधीच यंत्र पडत होतं. ती स्वतःवर चिडली. ओळ मागे घेतली, दाबण्याच्या आधी ठेवली, वीस सेकंद दिले आणि पुन्हा चालवलं.

पान उभं राहिलं. मी चष्मा लावला आणि अगदी पडद्याला नाक लावलं. पानाच्या खालच्या अर्ध्या भागावर एक पिवळी पाटी आली होती, फुगे काढलेली. मी मोठ्याने वाचलं.

"आपणास वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपणास उत्तम आरोग्य व दीर्घायुष्य लाभो, हीच सदिच्छा."

'नोंदणी करा' हे बटण त्या दीर्घायुष्याच्या बरोबर मागे होतं. त्याची वरची एक कड तेवढी दिसत होती.

"कुणाचा गं वाढदिवस?" मी विचारलं.

तिने तिच्या चौदा म्हाताऱ्यांची यादी काढली. पहिल्या म्हातारीची जन्मतारीख एक जून. दुसरीची एक जून. तिसरीची एक जून. वर्षं निरनिराळी होती, तारीख तीच. चौदाव्या म्हाताऱ्यापर्यंत ती खाली गेली. मग तिने लॅपटॉपच्या कोपऱ्यात आजची तारीख बघितली. मी बघितली नाही, मला माहीत होती. मेचा महिना आदल्या दिवशी संपला होता.

हे शहरातल्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगते. माझं माहेर खालापूर तालुक्यात, लोधिवलीला. आईने मला शाळेत नेलं तेव्हा मास्तरांनी जन्मतारीख विचारली. आई म्हणाली, गौरी गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी, ज्या साली ओढ्याचं पाणी मारुतीच्या पायरीला लागलं त्या साली. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. धरता आला. मास्तरांनी एक जून लिहिली. शाळा जूनला सुरू होत होती, तोवर पोराला सहा पुरी भरली की झालं. माझ्या मागे उभा असलेला चुलतभाऊ एक जून. त्याच्या मागची पोरगी एक जून. माझा पाठचा भाऊ पुढच्या वर्षी आला, तोही एक जून. आमच्या वयाची अर्धी माणसं कागदावर एकाच दिवशी जन्मली आहेत. दाखल्यावरची ती तारीख पुढे कार्डावर आली, पासबुकावर आली, आणि आता मरणाच्या दाखल्यापर्यंत सोबत करणार आहे. पण तो वाढदिवस आहे असं आमच्यातल्या कुणालाही कधी वाटलं नाही. त्या दिवशी कुणी गोड करत नाही. ती फॉर्म भरायची तारीख आहे.

नात आठवीत असल्यापासून आळीतल्या म्हाताऱ्यांचे फॉर्म तीच भरते. कुणी कार्ड घेऊन आलं की ही न बघता एक जून लिहायची आणि मग कार्ड बघून खात्री करायची. चौदा म्हातारे तयार करताना तिने नावं विचार करकरून खोटी काढली, आडनावं निरनिराळी दिली, गावं दिली. तारखेला हात आपोआप गेला. म्हाताऱ्यांच्या तारखा अशाच असतात, तिला त्यात वावगं काही दिसलंच नाही. पुण्यातल्या कुणी हे लिहिलं असतं तर चौदा जणांना चौदा तारखा दिल्या असत्या आणि त्या दिवशी सगळं हिरवं राहिलं असतं.

कारण कळलं तशी तिची कळा बदलली. हसायलाच लागली. मग म्हणाली, "आजी, पाच मिनिटांचं काम आहे. तारखा बदलते. कुणाला मार्च देते, कुणाला ऑगस्ट. सगळं हिरवं होतंय."

तिची बोटं चालूही झाली होती. तीन म्हाताऱ्यांच्या तारखा तिने बदलल्या आणि त्या तिन्ही हिरव्या झाल्या. दुपारचा दीड वाजला होता. तिथे थांबली असती तर पाच वाजता मॅडमना हिरवं दाखवून मोकळी झाली असती. मॅडमनी बहुतेक विचारलंही नसतं.

मी म्हटलं, "तुझ्या यंत्रातली तारीख बदलशील. माझ्या कार्डावरची कोण बदलणार?"

तिची बोटं थांबली.

"मी आज त्या पानावर गेले तर मला ते बटण दाबू देईल काय?"

तिने खांदे उडवले. म्हणाली की माणूस यंत्रासारखा मूर्ख नसतो, पाटी आली तर माणूस ती बंद करतो, कोपऱ्यात फुली असते. मी म्हटलं दाखव फुली. मोठ्या पडद्यावर फुली होती, अगदी वरच्या कोपऱ्यात, पिवळ्यावर पांढरी. मी फोन मागितला. तिने चाचणीचं पान माझ्या फोनवर उघडून दिलं आणि मी माझ्या कार्डावरून माझं नाव आणि माझी तारीख घातली. पिवळी पाटी आली. फोनवर अक्षरं मोठी केलेली आहेत, मला बारीक दिसत नाही. पाटी एवढी मोठी झाली की वरचा कोपरा फोनच्या बाहेर गेला. फुली नाही. बटणही नाही. मी बोटाने वर सरकवलं, खाली सरकवलं. दीर्घायुष्य जागचं हलेना.

"नायच दाबता येत," मी म्हटलं.

तिने फोन माझ्या हातातून घेतला, स्वतः प्रयत्न केला. तिलाही जमलं नाही. मग तिने बदललेल्या तीन तारखा पुन्हा एक जून केल्या. तीन टिंबं पुन्हा लाल झाली. तिने जेवायलाही न थांबता मॅडमना फोन लावला. मी वाढून ठेवलेलं ताट झाकलं.

फोन तिने मोठ्या आवाजावर ठेवला होता. ती घाबरलेली होती, त्यामुळे भराभर बोलली, पण सरळ बोलली. चाचण्या बरोबर आहेत, पान चुकतंय, हे तिने आधी सांगितलं. तारखा तिने कशा घातल्या होत्या तेही लपवलं नाही. मॅडमनी कुणाला तरी विचारलं. ही शुभेच्छांची पाटी त्याच आठवड्यात कुणीतरी घातली होती, माणसाला बरं वाटावं म्हणून, वाढदिवसापासून पुढे आठ दिवस दिसत राहील अशी, आणि तिची चाचणी घ्यायला कुणालाच सांगितलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या की चूक आहे खरी, पण केवढीशी. आठ दिवसांत वाढदिवस येणारी माणसं असतील कितीशी. पान उद्या उघडू आणि हे सावकाश सुधारू. त्यांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. त्यांना माहीत नव्हतं.

मी फोन ओढून घेतला. नात हात हलवून नको नको करत होती.

"बाई, मी हिची आजी. तुमच्याकडं कुणी म्हातारं माणूस हाय काय?"

त्या म्हणाल्या, "वडील आहेत, आजी."

"त्यांचं कार्ड बघा. तारीख बघा आणि मला सांगा."

त्या घरूनच बोलत होत्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लांबून एका पुरुषाचा आवाज आला, कशाला पाहिजे म्हणून. कपाट उघडलं. नातीने डोळे मिटून घेतले होते. मला भीती वाटली नाही असं नाही. त्या बाईंचा बाप शिकलेल्या घरातला असता, त्याची खरी तारीख कुणी लिहून ठेवलेली असती, तर मी पोरीची उरलेली नोकरीही घालवली असती.

मॅडम परत आल्या तेव्हा हसत होत्या.

"एक जून," त्या म्हणाल्या. "आणि आजी, आज सकाळी त्यांना बँकेच्या शुभेच्छा आल्या होत्या. ते म्हणाले, हा माझा वाढदिवस नाही, मास्तरांचा आहे."

"मग आता सांगा कितीशी माणसं असतील," मी म्हटलं आणि फोन नातीच्या हातात दिला. मला भूक लागली होती.

पुढचं मी जेवता जेवता ऐकलं. मॅडमनी पान उघडायचा दिवस एका दिवसाने पुढे ढकलला. ज्याने पाटी घातली होती त्याने ती वरच्या बाजूला अरुंद करून बसवली. अक्षरं कितीही मोठी केली तरी बटणावर येणार नाही अशी केली आणि 'बंद करा' असं मराठीत लिहिलं. दोन वाजता लाइट आली. नातीने मान खाली घालून दोन घास खाल्ले आणि ताट तसंच ठेवलं. मी ते झाकून ठेवलं.

पावणेपाचला सगळं पुन्हा चालवलं. मी शेजारी बसून मोजत होते. टिंबं एकामागून एक पडत गेली, हिरवं, हिरवं, हिरवं. बारा तरुण झाले, मग म्हातारे सुरू झाले. एक, दोन, तीन. नववा म्हातारा आला आणि यंत्र थांबलं. टिंब पडेना. नात पुतळ्यासारखी झाली. मीही मोजायची थांबले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, आणि मग हिरवं टिंब पडलं.

तिने यंत्राला वीस सेकंद झोपायला सांगितलं होतं, ते काढायचं राहिलं होतं. दुपारी उघड्या पडद्यावर बघितली ती चाचणी या नवव्या म्हाताऱ्याचीच होती. त्याला सांगून ठेवलं होतं, म्हणून तो झोपला. बाकीचे पाच भराभर आले. सव्वीस हिरवी. तिने झोपेची ओळ पुसली आणि लॅपटॉपवर डोकं टेकलं. मी तिला उठवून उरलेलं जेवायला लावलं. भात निवला होता. तिने सगळा खाल्ला आणि आणखी मागितला.

पाच वाजता मॅडमचा फोन आला. या वेळी तिने आवाज मोठा ठेवला नव्हता, त्यामुळे मला फक्त हिचं "हो मॅडम, हो मॅडम" ऐकू आलं. ठेवल्यावर तिने सांगितलं की पक्कं झालं, पत्र येईल. आठवड्याने पत्र आलं. तिने ते मला वाचून दाखवलं आणि मी शब्दन् शब्द वाचायला लावला.

मॅडमनी त्या चौदा तारखा बदलू दिल्या नाहीत. उलट एक नवीन चाचणी लिहायला लावली. यंत्राला रोज सकाळी थोडा वेळ असं भासवायचं की आज एक जून आहे, आणि मग चौदा म्हातारे आत सोडायचे. म्हणजे आता तिच्या यंत्रात रोज आमचा वाढदिवस असतो. रोज पाटी येते, बाजूला राहते आणि चौदाही जण बटण दाबून बाहेर पडतात.

मुलगा आणि सून आठवडाभराने खाली आली. त्यांना सांगितलं तर मुलगा म्हणाला, एवढंसंच झालं होय. मी हो म्हटलं. त्या दिवशी ओटीवर आम्ही दोघीच होतो, नात आणि मी. आजही ती त्याच ओटीवर कामाला बसते आणि मी शेजारी वाल निवडते.